रानमांजराचा चावा

ब्लीचिंग पावडरचा वास आला की मला आमच्या वन्यजीव उपचार केंद्रातलं रानमांजराचं पिल्लू आठवतं. कळमेश्वरच्या एका संत्र्याच्या बागेत ते एकटंच सापडलं होतं. आणल्यावर त्याला विषाणूची लागण झाली, म्हणून त्याचा पिंजरा रोज ब्लीचिंग पावडरनं धुवावा लागायचा. उलट्या-जुलाबांनी ते पार गळून गेलं. डॉक्टरबाई सलाईन लावायच्या, मी त्याला ऊब देत बसायचे. एका सकाळी कपडा बदलायला हात घातला, तर ते फिस्कारलं आणि हातमोज्याला कडकडून चावलं. मी ओरडले, “मॅडम, हे चावून राहिलं मले!” माझ्या डोळ्यांत पाणी बघून त्या हसल्या, “मग रडून काहून राहिली वं? वाचलं न ते!” पुढे माळरानात सोडलं, तेव्हा त्यानं मागे वळूनही पाहिलं नाही. माझ्याकडे इतकं छान दुर्लक्ष त्यानंतर कुणीच केलेलं नाही.