काचवाल्याच्या बायकोची सवत

काचवाल्याला घोड्यावर बसता येत नव्हतं. घोडी मात्र त्याच्या मालकीची होती. घोडेस्वारीच्या एका शाळेच्या खिडक्यांना त्याने काचा बसवल्या, बिल चुकतं होण्याआधी शाळाच बुडाली, आणि मालकाने पैशांच्या जागी एक उतारवयाची तांबूस घोडी त्याच्या हाती दिली. बुडत्यातून काहीतरी निघालं, असं त्याला वाटलं. घोडी फुकट मिळते, तिचं तोंड फुकट येत नाही, हे त्याला पहिल्याच महिन्यात कळलं.

तबेल्याचं भाडं, गवत, कोंडा, दर दीड महिन्याने नालबंद, जंतांचं औषध. वर दात घासायला माणूस. "माझी दाढ दोन वर्षं ठणकतेय," बायको म्हणाली होती, "आणि हिचे दात घासायला माणूस येतो." घोडीला तिने नाव ठेवलं होतं 'सवत'. पहिल्या तारखेला ती न चुकता विचारायची, "सवतीला किती?" काचवाला अर्धाच आकडा सांगायचा. उरलेला अर्धा तो सुट्टीच्या दिवशी लोकांच्या खिडक्यांना पुट्टी लावून मिळवायचा.

या महिन्यात तेही जमेना. आधी त्याने स्वस्तातलं गवत घेतलं. वरून सोनेरी, आतून दमट. तेवढ्यानेही भागेना, तेव्हा घोडीच विकायला काढली. सहलीला आलेल्या मुलांना घोड्यावरून फेऱ्या मारून आणणारा एक जण आज दुपारी ट्रक घेऊन येणार होता.

सकाळी काचवाला तबेल्यात गेला, तर रात्रीचं गवत तसंच. घोडी मान वळवून स्वतःच्या पोटाकडे बघत होती, पायाने जमीन उकरत होती. खाली लीद नव्हती. त्याने तिच्या कुशीला कान लावला. एरवी आत सतत काहीतरी गुरगुरत असे. आज चिडीचूप.

"पोटशूळ," तबेलेवाला म्हणाला. "डॉक्टरला बोलाव."

"त्याच्या फीमध्ये महिन्याचं गवत येतं."

"मग फिरवत ठेव. चालताना कळत नाही. एकदा ट्रकमध्ये चढली, की तुझी डोकेदुखी त्याची झाली." हे तो भिंतीकडे बघत बोलला. वाटेत घोडी आडवी होऊन लोळली, तर आतड्याला पीळ पडेल, हे दोघांनाही ठाऊक होतं.

काचवाला फिरवत राहिला.

दुपारी बायको आली. सवतीला निरोप द्यायला, असं म्हणाली; पैसे घरापर्यंत पोहोचतात की नाही, ते बघायला आली होती. मागोमाग ट्रक. गिऱ्हाइकाने दात बघितले, खूर उचलून बघितले. घोडी नेमकी तेवढा वेळ शहाण्यासारखी उभी राहिली. गिऱ्हाइकाने नोटा काढल्या. काचवाल्याचा हात आपोआप पुढे झाला.

"हिने आज लीद टाकलेली नाही," बायको म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघू लागले.

"रोज यांच्या बुटांना असते. मीच पुसते. आज बूट कोरे आहेत."

नोटा परत खिशात गेल्या. ट्रक रिकामा गेला.

"हे काय केलंस?"

"ती मेली असती, तर तो उद्या माणसं घेऊन आला असता. आपलं दुकान काचेचं आहे," बायको म्हणाली. "डॉक्टरला फोन करा."

डॉक्टरने आधी फी घेतली, मग नाकातून नळी घालून पोटात तेल सोडलं. संध्याकाळपर्यंत लीद पडली तर जगेल, म्हणाला.

दोघं आळीपाळीने फिरवू लागली. तबेलेवालाही येऊन उभा राहिला. तिघांची नजर एकाच शेपटीवर.

"अंगावर येऊ नकोस गं, भवाने," बायको घोडीला दटावत होती. दोर मात्र तिने सैल धरला होता.

ऊन उतरलं. घोडी थबकली. आता खाली बसणार, या भीतीने काचवाला धावला. एवढ्यात शेपटी वर झाली, आणि सुपारीएवढे चार-पाच सुके गोळे जमिनीवर पडले.

बायकोने वाकून नीट पाहिलं.

"इतकी महागाची वस्तू आपल्या घरात आजवर आली नव्हती," ती म्हणाली. "गवत कुठलं आणलं होतंत?"

त्याने सांगितलं. मग भाडं, कोंडा, नालबंद, सगळं सांगितलं; पहिल्यांदाच पूर्ण.

"म्हणजे इतकी वर्षं मी अर्ध्याच सवतीवर जळत होते," ती म्हणाली, आणि दोर त्याच्या हाती न देता घोडीला आणखी एका फेरीला घेऊन गेली.