नवरात्रातल्या तीन सकाळी

२४ ऑक्टोबर २०१५. एक ट्रक, चौतीस जीव: तेरा पुरुष, तेरा बायका, आठ लेकरे.

मुकादम आसारामच्या वहीत मात्र आकडा तेराच होता. ऊसतोडीच्या कामात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. माणूस एकटा असला तर तो अर्धा कोयता. लेकरांसाठी या वहीत रकाना नसतो. त्या आठांत सिदूची मुलगी सत्यभामा होती. वय चौदा, इयत्ता नववी. बीड जिल्ह्यातल्या कडा गावाजवळच्या एका हायस्कूलच्या बास्केटबॉल संघात तिच्या बनियनवर सात आकडा होता.

ट्रक गेल्याचे तिच्या प्रशिक्षकाला, जालिंदर साळवे याला, सोमवारी कळले. तोवर ट्रक घाटाखाली उतरून दोन दिवस झाले होते.

जालिंदर त्या वर्षी पंचेचाळीस वर्षांचा होता. त्याचे वडील सर्जेराव दूध सोसायटीच्या शीतकरण केंद्रावर कॅन धुवायचे. कॅन बाहेरून धुण्याचे काम त्यांचे. आतून धुणारे वेगळे होते. सोसायटीच्या भिंतीवर सहकाराची वचने रंगवलेली होती आणि सर्जेराव ती मुलाला वाचायला लावीत. पुढे दूध आटले, सोसायटी बंद पडली, यंत्रे कोणी नेली ते कोणालाच सांगता आले नाही. राहिले ते सिमेंटचे प्रशस्त अंगण. त्याच अंगणात जालिंदरने दोन लोखंडी खांब उभे केले, साखर कारखान्याच्या वर्कशॉपमधल्या फिटरकडून दोन रिंगा वळवून आणल्या, आणि शाळेला मैदान नसताना शाळेचा संघ उभा केला.

खेळ तो अंबाजोगाईत शिकला होता. कॉलेजात असताना मेडिकलच्या मुलांचा खेळ तो कुंपणाबाहेरून पाहत असे. एके दिवशी चेंडू कुंपणाबाहेर आला, त्याने तो परत फेकला, आणि तो थेट रिंगेत पडला. त्या दिवसापासून त्याला आत घेतले गेले. पुस्तकांची गोडीही त्याच गावात लागली. पदव्युत्तर परीक्षेपर्यंत तो पोहोचला तो समाजशास्त्र घेऊन. नोकरी मिळाली ती क्रीडाशिक्षकाची. यात विसंगती आहे असे त्याला कधी वाटले नाही. विसंगती होती ती वेळेची. पहाटे चार ते सहा लिहायचे, सहाला अंगणात जायचे, आठला घरी, साडेदहाला शाळा. मुलींच्या सामन्यांच्या गुणवह्या एका बाजूने भरत आणि दुसऱ्या बाजूने त्याचे लेखन. एक कथासंग्रह, चाळीसेक लेख. साहित्याच्या बैठकीत त्याची ओळख ‘आमचे खेळाचे मास्तर’ अशी करून दिली जाई आणि जिल्हा क्रीडा कार्यालयात ‘या कविराज’ म्हणून स्वागत होई. एकोणीस वर्षांत त्याने सकाळचा सराव एकदाही चुकवला नव्हता. हा त्याचा एकमेव अभिमान होता, आणि अलीकडे तोही त्याला जड होऊ लागला होता. चाळिशीनंतर गुडघे बोलू लागतात आणि वाक्ये उशिरा सुचतात.

त्या वर्षी पाऊस आला नाही. भाद्रपदात विहिरी तळाला गेल्या. टँकर आठवड्यातून एकदा येई आणि तो सोसायटीच्या अंगणातच उभा राही, कारण गावात ट्रक वळवायला दुसरी जागा नव्हती. आदल्या दिवसापासूनच ड्रमांच्या रांगा लागत. मुली ड्रमांच्या मधून चेंडू आपटत, ड्रिबल करीत जात. टँकरचा ड्रायव्हर राधाकिशन हा जालिंदरचा शाळासोबती.

“काय बे कविराज,” तो खिडकीतून ओरडायचा, “त्या बॉलात हवा भरतो त्यापरीस चार ड्रम भरू लाग की!”

“तू ब्रेक दाबायचं बघ. मागच्या खेपेला खांब वाकवला होतास.”

“खांब न्हाई, तुझी रिंगच वाकडी हाय. म्हणून तर पोरी हरत्यात.”

मुली हसत. सत्यभामा हसत नसे. ती ड्रमांच्या रांगेला पाठ देऊन, गुडघे वाकवून, रिंगेवरून परतणाऱ्या चेंडूची वाट पाहत असे. “कमरेतून नाही, गुडघ्यातून उठायचं,” हे जालिंदरचे वाक्य तिने इतके मनावर घेतले होते की ती अंगणातला केर भरायलाही तशीच वाकायची. सिदू पूर्वी मेंढरे राखायचा. सलग दोन कोरडी वर्षे गेली तेव्हा त्याने कळप विकला आणि बायको बायडाबाईसह कोयता धरला. हंगामात सत्यभामा आजीपाशी राहायची. आजी वैशाखात वारली.

आता ती मागे राहायची तर एकच वाट होती: हंगामी वसतिगृह. आईबाप तोडीला गेलेल्या मुलांची शाळेतच राहण्या-जेवण्याची सोय करतात, ती. त्यासाठी यादी करावी लागते, बापाची संमती घ्यावी लागते, यादी वर पाठवावी लागते. शाळेत हे काम जालिंदरकडे होते. दरवर्षी तो ते दसऱ्यानंतर हाती घेई आणि दिवाळीच्या आत संपवी, कारण ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळी करून निघतात. हे पंचांगात लिहिलेले नसले तरी त्या भागात तितकेच पक्के मानले जाते.

भाद्रपदाच्या अखेरीस एका दिवाळी अंकाच्या संपादकांचे पत्र आले. ऊसतोड कामगारांच्या मुलांवर दीर्घ लेख हवा, दसऱ्यापर्यंत. इतके मोठे बोलावणे त्याला आयुष्यात आले नव्हते. चार ते सहा या दोन तासांत ते मावणारे नव्हते. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी त्याने मुलींना सांगितले, “नऊ दिवस तुमचा तुम्ही सराव करा. मी येणार नाही.” मुली एकमेकींकडे पाहत राहिल्या. घरी त्याने बायकोला, मालनला, सांगितले की कोणीही आले तरी उठवू नको.

ते नऊ दिवस त्याच्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे होते. हे लपवण्यात अर्थ नाही. वाक्यामागून वाक्य येत होते. समोर, नाव बदललेली, सत्यभामाच होती: तिची पाठ, तिचे गुडघे, आजी गेल्यावर एकटी उरलेली तिची चूल. लेखाच्या मध्यावर त्याने एक वाक्य लिहिले आणि त्यावर बराच वेळ थांबला: ‘या मुलांची नोंद कोणत्याच वहीत नसते.’ ज्या टेबलावर तो हे लिहीत होता, त्याच टेबलाच्या खणात वसतिगृहाच्या यादीची वही कोरी पडून होती.

दसऱ्याची सुटी आणि लेखाची पक्की प्रत यांत आठवडा संपला. सोमवारी तो अंगणात गेला, तर अकराच मुली दिसल्या.

“सत्यभामा?”

“गेली, सर. टोळी शनवारीच गेली. पाणीच न्हाई तर दिवाळी कशाची करायची, म्हणला मुकादम.”

जालिंदर घरी आला तो सायकल हातात धरून, न बसता. मालन चुलीपाशी होती.

“सिदूची पोरगी आली होती का गं इकडं?”

“तीन येळा आली होती, सकाळच्या पारी.” मालनने हातातली भाकरी तव्यावर टाकली, मगच वळली. “पहिल्या दिवशी म्हणली, काकू, सर हायत का. मी म्हणलं, लिहायला बसलेत. म्हणली, परत येते. दुसऱ्या खेपेला ओट्यावर बसली लई वेळ. चहा दिला, पिली न्हाई. तिसऱ्या खेपेला दारातूनच बघून गेली. तुमचा दिवा चालू होता.”

“मला उठवायचं नाहीस?”

“अहो, तुमीच म्हणलात ना, उठवू नको म्हणून? एकोणीस वर्षांत पयल्यांदा तोंड हसरं दिसलं तुमचं. कशी उठवू?”

जालिंदर आत गेला. त्याने खणातून वही काढली आणि पहिल्या ओळीत सत्यभामाचे नाव घातले. अक्षर चांगले आले, याचाही त्याला राग आला.

यादी दिवाळीनंतर मंजूर होऊन आली. दिवाळी अंकही आला. लेखाला दाद मिळाली. अंबाजोगाईहून जुन्या प्राध्यापकांचा फोन आला, बीडहून दोन पत्रे आली. विभागीय सामने डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात औरंगाबादला होते. त्याने मंजूर यादी पिशवीत घातली. तिच्याखाली अंकही घातला. का घातला, ते त्याला सांगता आले नसते. बावीस नोव्हेंबरच्या रविवारी तो पश्चिमेकडच्या एका कारखान्याच्या तळावर पोहोचला.

बायडाबाई खोपीच्या दाराशी बसली होती. उजव्या पायाला चिंध्यांचे गाठोडे बांधले होते. सिदू फडातून धावत आला, धोतराला हात पुसत.

“सर! एवढ्या लांब? बसा, बसा. च्या टाक गं.”

“सिदू, पोरीला न्यायला आलोय. नाव मंजूर झालंय. जेवण, राहणं, सगळं शाळेत. सामन्यालाही वेळ आहे अजून.”

सिदू खाली बसला. कागदाकडे त्याने पाहिले, पण हात लावला नाही; त्याचे हात उसाच्या चिकाने काळे झाले होते.

“दसऱ्याआधी आला असतात तर म्या तुमच्या हवाली करूनच निघालो असतो, सर. देवाशपथ. तिला म्हणलं व्हतं, जा, सरला इचार. ती म्हणली, सर लई कामात हायत.” त्याने बायकोच्या पायाकडे बोट केले. “आता हिच्या पायावर कोयता पडला, पंधरा दिस झाले. मुकादमाच्या वहीत माझा पुरा कोयता लावलाय. पोरगी गेली तर मी अर्धा. अर्ध्याला फडात कोण उभा करतो?”

“पाय बरा होईस्तोवर—”

“पाय बरा व्हईस्तोवर तुमचे सामने व्हतील,” बायडाबाई म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. त्यामुळे ते ऐकणे अधिक कठीण होते.

फडाच्या कडेला ट्रक भरत होता. उसाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन माणसे तिरक्या फळीवरून वर चढत होती. त्यांत सत्यभामा होती. ती मोळीपाशी आली, पाठ सरळ ठेवून गुडघ्यांत वाकली, श्वास घेतला, आणि मोळीसकट सरळ उठली. कमरेतून नाही. फळीवर तिचे पाऊल तसेच पडत होते जसे ले-अपच्या वेळी, धावत जाऊन रिंगेत चेंडू टाकताना, पडायचे: उजवा, डावा, वर.

मुकादम आसाराम शेजारी येऊन उभा राहिला. “गुरुजी, पोरगी लई दमाची हाय बरं का. बाकीच्या पोरी आठ दिसांत कंबर धरून बसत्यात. तुमी चांगली तयार केली.”

तो हे मनापासून म्हणाला.

सत्यभामा खाली आली तेव्हा तिने डोक्यावरची चुंबळ काढून हातात घेतली. जालिंदरला वाटले होते की ती रडेल, किंवा रागावेल. दोन्हींची त्याने तयारी केली होती.

“सर, संघात सात नंबर कुणाला दिला?”

“कुणालाच नाही.”

“देऊन टाका की. रिकामा कावून ठेवता?” मग तिने विचारले, “ते तुमी लिहीत व्हता, ते झालं का?”

“झालं.”

“बरं झालं,” ती म्हणाली, आणि चुंबळ डोक्यावर ठेवून पुढच्या मोळीकडे गेली.

पिशवीतला अंक त्याने बाहेर काढला नाही. परतीच्या एसटीत तो मांडीवर पिशवी घेऊन बसला. लेख खोटा नव्हता. त्यातला प्रत्येक शब्द खरा होता, आणि तो ज्या वेळी लिहिला गेला, ती वेळ दुसऱ्या कोणाची होती. खेळ आणि लेखन यांचा तोल कसा सांभाळता, असे त्याला लोक विचारीत. तो हसून वेळापत्रक सांगे. त्या प्रवासात त्याला प्रथमच जाणवले की तोल या शब्दात त्याने आजवर स्वतःलाच दोन्ही पारड्यांत बसवले होते. मुली कोणत्या पारड्यात, हे त्याने कधी पाहिले नव्हते.

औरंगाबादला संघ पहिल्याच सामन्यात हरला. रिंगेवरून परतणारे चेंडू दुसऱ्यांच्या हाती गेले.

चैत्रात टोळी परतली. हजेरीपटावर सत्यभामाच्या नावापुढे सलग अनुपस्थिती होती. नववीची परीक्षा झाली होती. एका सकाळी ती अंगणात आली ती ड्रम घेऊन. टँकरची पाळी होती. जालिंदरने तिच्याकडे चेंडू टाकला. तिने तो झेलला, दोनदा आपटला, हातात फिरवून पाहिला. तळहाताला घट्टे पडले होते. चेंडू सरकत होता. तिने तो परत दिला.

“नंतर, सर. माझा नंबर जाईल.”

“कविराज, सोड तिला,” राधाकिशन टँकरवरून म्हणाला. त्या दिवशी त्याने थट्टा केली नाही.

जालिंदरने लिहिणे सोडले नाही. तसे केले असते तर ते सोपे झाले असते. तो आजही चारला उठतो. मात्र दार उघडे ठेवून बसतो, आणि यादीची वही श्रावणातच भरतो. पुढच्या हंगामात शाळेतली चौदा मुले मागे राहिली. सत्यभामा त्यांत नव्हती. दहावीला बसायचे वय तिने फडात घालवले. प्रकाशकाने लेखांचे पुस्तक करायचे म्हटले, तेव्हा जालिंदरने सर्व लेख पाठवले, तो एक सोडून. प्रकाशकाने कारण विचारले. त्याने कळवले की लेख अपुरा आहे.

सात आकड्याचे बनियन शाळेच्या कपाटात आहे. नवरात्रातल्या तीन सकाळी मागे राहून शिकण्याची जी सोय मागायला सत्यभामा त्याच्या दारी येऊन गेली, ती तिला अजून मिळालेली नाही.