मामाजींचं नाक आणि सिसिलीची वाईन

अख्ख्या नागपुरात सिसिलीच्या लाल वाईनबद्दल अधिकारानं बोलू शकेल असा एकच माणूस आहे, आणि त्यानं आजवर वाईनचा एक थेंबही जिभेला लावलेला नाही. हा माणूस म्हणजे माझ्या बायकोचे मोठे मामा. आम्ही सगळे त्यांना मामाजी म्हणतो. लकडगंजात त्यांचा मिरचीचा ठोक व्यापार होता. पोत्यात हात न घालता, नुसतं शेजारून चालत जाऊन ते सांगत, की ही मिरची भिवापूरची, ही आंध्राची आणि ही भिवापूरची म्हणून खपवायला आणलेली आंध्राची. इतक्या तिखटात उभा जन्म काढलेल्याचं नाक खरं तर कामातून जायला हवं. मामाजींच्या नाकाला उलट धारच लागली.

दुकान बंद केल्यावर हे नाक रिकामं झालं आणि सक्करदऱ्याच्या घरात मोकाट सुटलं. मामाजी पेपर आधी हुंगत, मग वाचत. लग्नपत्रिका आली की कुणाच्या कपाटात किती दिवस पडून होती ते सांगत. मामी भिशीला जाऊन काय खाऊन आल्या हे ते फाटकातच सांगत. ‘पोलिसाच्या कुत्र्यासंग संसार करून राहिली मी,’ असं मामी पाहुण्यांना शांतपणे सांगत. मी मुलगी पाहायला गेलो, तेव्हा मामाजी पाणी देण्याच्या निमित्तानं माझ्या खांद्याजवळ वाकले आणि आत जाऊन बैठकीत ऐकू येईल अशा आवाजात म्हणाले, ‘पोरगा चांगला हाय. कोट दुसऱ्याचा हाय.’ कोट माझ्या मित्राचा होता.

त्यांची एकुलती एक मुलगी मातीचा अभ्यास करायला इटलीला गेली आणि तिनं सिसिली बेटावरच्या एका बागायतदाराच्या मुलाशी लग्न ठरवलं. तिथं एटना नावाचा जागता ज्वालामुखी आहे. त्याच्या उतारावर या लोकांच्या द्राक्षबागा, आणि बागेतच वाईन करायचा कारखाना. देश परका, भाषा परकी, यातलं काही मामाजींना खटकलं नाही. खटकली ती दारू. ‘आपन लोकांच्या जेवनाले चव आनली,’ ते म्हणाले, ‘आन् पोरगी चालली दारूवाल्याच्या घरी.’ ते लग्नाला गेले नाहीत. वर्षभर मुलीशी बोललेही नाहीत. तिचा फोन आला की मामींच्या हातात द्यायचे आणि मग त्याच खोलीत कपाट आवरत बसायचे. त्या वर्षी ते कपाट फार नीटनेटकं राहिलं.

शेवटी व्याहीच नागपूरला आले. थोराड बांध्याचा, भेगाळल्या हातांचा शेतकरी माणूस. सुनेला घेऊन, स्वेटरांत गुंडाळलेल्या दोन बाटल्या घेऊन ते बैठकीत अवघडून बसले. मामाजींच्या नाकाची कीर्ती सुनेनं त्यांच्या कानावर घातली होती. ‘पिऊ नका म्हणतात ते,’ मुलगी खाली मान घालून म्हणाली. ‘फक्त वास घ्या.’

मामाजी हलले नाहीत. पण पहिली बाटली उघडल्यावर मी पेला नाकाशी नेऊन जाणत्यासारखी मान डोलावली, ते त्यांना पाहवलं नाही. ‘जवाईबापू, इकडे द्या तो,’ ते म्हणाले. मग स्टीलच्या पेल्यात स्टीलचाच वास येतो म्हणून मामींकडून चहाचा काचेचा ग्लास मागवला. डोळे मिटले.

‘डाळिंबाची साल,’ ते म्हणाले. ‘विझल्या चुलीची राख. आन् माती काळी हाय, आपल्यासारखी.’

मुलीनं भाषांतर केलं तसे व्याही खुर्चीच्या काठावर आले. लाव्हाचीच माती होती ती. त्यांनी मोठ्या अभिमानानं दुसरी बाटली उघडली. ती आजोबांनी लावलेल्या वेलींची, घरातली सर्वांत चांगली. मामाजींनी हुंगली आणि ग्लास खाली ठेवला.

‘ह्याच्यात ओलं पोतं हाय.’

मुलीनं मामींकडे पाहिलं. ‘सांग नं वं त्यांले,’ मामाजी म्हणाले. ‘काहून थांबली? माल खराब हाय तर खराब हाय.’

तिनं घाबरत सांगितलं. व्याह्यांचा चेहरा उतरला. त्यांनी ग्लास उचलला, हुंगला, पुन्हा हुंगला, मग बाटलीचं बूच नाकाशी धरून बसले. मला वाटलं, आता सोयरीक गेली. पण ते उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि मामाजींना त्यांनी कडकडून मिठी मारली. बूच बिघडलं की वाईनला ओल्या पोत्याचा वास येतो म्हणे. तो इतका पुसट होता, की पहिल्यांदा त्यांनाही कळला नव्हता. त्या मिठीत चेंगरलेल्या अवस्थेतच मामाजींनी मुलीला वर्षभरानंतर पहिल्यांदाच तिच्याविषयी विचारलं, ‘बारीक काहून झाली वं तू?’ ती एकदम रडायलाच लागली.

तेव्हापासून दर ऑक्टोबरात, द्राक्षं उतरवायच्या दिवसांत, मामाजी सिसिलीला जायला लागले. व्याही पिंपामागून पिंप उघडत आणि हे हुंगत जात. परतल्यावर आमचा वर्ग भरे. ‘एटनावरच्या नेरेल्लो द्राक्षाची वाईन मंजे आपली भिवापुरी. रंग पातळ, पन खोल जाते. आन् खालच्या गरम भागातली नेरो दाव्होला मंजे आंध्राची गुंटूर. पाहताच घाम.’ सावजी मटणाबरोबर कोणती चालेल याचा निकालही त्यांनी दिला होता. एक घोट घेऊन पाहा म्हटलं की दुखावल्यासारखे बघत. ‘मी वास घेतो, जवाईबापू. पेत नाही.’

गेल्या हिवाळ्यात त्यांना मोठा ताप आला. ताप उतरला, पण त्यानंतर मामी भिशीहून आल्या तरी काय खाऊन आल्या हे फाटकात कुणी सांगत नसे. उन्हाळ्यात व्याह्यांनी नव्या वाईनचे नमुने छोट्या बाटल्यांतून पाठवले. मी तिथंच होतो. मामाजींनी सगळ्या बाटल्या एकेक करून हुंगल्या, पुन्हा पहिलीपासून हुंगल्या आणि टोपणं नीट लावली. फोनच्या पडद्यावर मुलगी आणि व्याही वाट पाहत होते.

‘सांग त्यांले,’ मामाजी म्हणाले, ‘यंदा मले कायचाच वास येऊन नाही राहिला. आता बोलावू नका मनावं.’

मुलीनं सांगितलं. व्याही काहीतरी सावकाश बोलले.

‘ते म्हणतात, तुम्ही यायचंच,’ मुलगी म्हणाली. ‘यंदा वास ते घेतील आणि तुम्हाला सांगतील.’

मामाजींनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. बराच वेळ पुसला. मामींनी मला हळूच माळ्यावरची बॅग काढायला सांगितलं.

‘त्यांचं नाक काही तेवढं पक्कं नाही,’ मामाजी माझ्याकडे वळून म्हणाले. ‘पन जाऊ. सांगतील ते ऐकू.’