कार्डावरचं आईचं नाव

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. आईजवळ नाही, जिवाभावाच्या मैत्रिणीजवळही नाही. तुमच्याजवळ का बोलते आहे, तेही नीट सांगता येणार नाही. तुम्ही मला ओळखत नाही — एवढं एक कारण पुरे असावं.

गोष्ट एका पॅन कार्डाची आहे. हसू नका. ते कार्ड अजून माझ्या पर्समध्ये आहे. बँकेत, गॅसवाल्याकडे, कुठेही झेरॉक्स मागितली की मी ते बाहेर काढते आणि देताना अंगठ्याने त्याचा खालचा भाग झाकते. कुणी बघत नसतं, तरी झाकते. सवय झाली आहे — की आणखी काही?

आधी बाबांबद्दल सांगते. त्यांच्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही. बाबा पालघरकडच्या दांडी गावचे मासेमार. नाव हरेश्वर. शाळा चौथीत सुटली, पण अक्षर असं की बघत राहावं. गावातल्या निम्म्या होड्यांवरची नावं त्यांनीच रंगवलेली. तारापूरच्या कंपन्यांच्या सांडपाण्याने खाडीच्या पाण्याचा रंग फिरला, वर तवंग दिसला की बाबा एक बाटली भरून आणायचे. तिला चिकटपट्टी लावायचे आणि पट्टीवर लिहायचे — वार, तिथी, भरती की ओहोटी. पालघरला साहेब लोकांची बैठक असली की बाटल्या पिशवीत घालून निघायचे. गावाच्या प्रत्येक अर्जावर पहिली सही त्यांची. आई वैतागायची. "प्यायच्या पाण्याला घरात एक बाटली नाय, आन् त्या घाणीला बारा बाटल्या हायत!" बाबा नुसते हसायचे.

कंपन्यांमधले लोक त्यांना बाटलीवाला म्हणत. ज्यांना माहीत नसे त्यांना वाटे, हा माणूस पितो. बाबांनी दारूला कधी हात लावला नाही. पण मला त्या नावाची लाज वाटायची. खरं सांगते — नावाचीच नाही, बाबांचीही वाटायची. त्या पिशवीची, बैठकीत उभं राहून बोलताना उडणाऱ्या त्यांच्या थुंकीची, सगळ्याची.

पालघरच्या कॉलेजातून केमिस्ट्री घेऊन मी बी.एस्सी. झाले आणि वर्षभर घरी बसले. केमिस्ट्री शिकलेल्या मुलीला बोईसर-तारापूरशिवाय जागा कुठली? रोज कुठल्या तरी गेटवर जायचं, वॉचमनच्या हातात अर्ज द्यायचा, परत यायचं. तोवर मी पॅन काढलेलं नव्हतं. कमाई नाही, तर कर कसला? बेकाराने पॅन काढायचं म्हणजे होडी नसताना जाळं विणून ठेवायचं, असं मला वाटायचं.

मग एका कंपनीने मुलाखतीला बोलावलं. लॅबमध्ये जागा होती. समोरचे साहेब माझी गुणपत्रिका चाळत होते, चाळता चाळता थांबले. "दांडी? आणि वडील हरेश्वर? म्हणजे तो बाटलीवाला तुमचा —" आणि हसले.

त्या हसण्यात काय होतं, हे मी पुढे कितीदा तरी आठवून पाहिलं. कदाचित काही नव्हतं. कदाचित पुढचं वाक्य 'चांगला माणूस आहे' असंही असेल. मी ते पुरं होऊ दिलं नाही. म्हणाले, "नाही सर. नाव तेच आहे, पण ते वेगळे. माझे वडील मी लहान असतानाच आम्हाला सोडून गेले. फक्त आई आहे."

कुठून आलं हे माझ्या तोंडात? ठरवून गेले नव्हते, देवाशपथ. पण अडखळलेही नाही. साहेबांचा चेहरा पडला, सॉरी म्हणाले. मग म्हणाले की काम होईल, तेवढं पॅन कार्ड काढून आणा, त्याशिवाय रुजू करून घेता येत नाही.

बोईसर स्टेशनबाहेर झेरॉक्सच्या दुकानात एक ताई फॉर्म भरून द्यायच्या. नाव, जन्मतारीख, पत्ता. कमाई? नाही. मग 'उत्पन्न नाही' या चौकटीत खूण. इथवर सगळं खरं होतं. मग एक प्रश्न आला. आई एकटी पालक आहे का, आणि कार्डावर फक्त तिचं नाव हवं आहे का? ताईंचा हात सवयीने 'नाही'कडे निघाला होता. मी म्हटलं, "हो करा."

या हो-ला कुणी पुरावा मागत नाही. ज्या मुलींवर खरंच तशी वेळ आलेली असते त्यांच्या सोयीसाठी ती चौकट आहे. ताईंनी माझ्याकडे पाहिलं, स्टूल पुढे सरकवलं, बस म्हणाल्या. पाठीवरून हात फिरवला. आणि मी — मी तो हात फिरवू दिला. वरच्या ओळीत माझ्या नावाच्या मधोमध हरेश्वर लिहिलेलं होतं, आणि त्याच वेळी हरेश्वर घरी दारात जाळं शिवत बसले होते.

कार्ड पोस्टाने आलं ते बाबांच्याच हातात पडलं. पोरीचं सरकारी कार्ड म्हणून त्यांनी हात धुऊन पाकीट उघडलं. उलटसुलट करून वाचलं. देवनागरीत छापलेलं होतं — माता का नाम. मला म्हणाले, "यावर आयचा नाव येते का?"

"नवीन नियम आहे बाबा," मी म्हटलं. "आता सगळ्यांच्याच कार्डावर आईचं येतं."

"बरा हाय," ते म्हणाले. "आयचाच पायजे."

त्यांना ते मनापासून आवडलं होतं. संध्याकाळी बंदरावर त्यांनी चारचौघांत सांगितलं, सरकारने यंदा चांगलं काम केलं म्हणून. तेव्हा कुणीतरी घरून मुलाचं नवं कार्ड आणून त्यांच्यापुढे धरलं. त्यावर बापाचं नाव होतं. सगळे हसले, बाबाही हसले. हे मला आईकडून कळलं. बाबांनी मला काही विचारलं नाही. मी वाट पाहत होते, ते विचारतील म्हणून. दोन दिवस मी त्यांच्यासमोर जेवायलाही बसले नाही.

नंतरच्या आठवड्यात कंपनीकडून एक माणूस पत्ता बघायला आला. बाहेरचा होता, हिंदी बोलणारा, हातात कागदाची फाईल. आई बाजारात मासे विकायला गेलेली. मी आतल्या खोलीत होते. दार अर्धवट लोटलेलं, फटीतून बाबांची पाठ आणि जाळं शिवणारा हात दिसत होता.

तो म्हणाला, "नंदिनी यहीं रहती है? आप कौन?" बाबा उत्तर देणार, तेवढ्यात त्याने फाईलीत पाहून म्हटलं, "इसमें लिखा है पिता नहीं हैं, छोड़ के चले गए."

 हातातली जाळं शिवायची सुई तशीच राहिली. किती वेळ? मला विचाराल तर अजून ती तशीच आहे. बाहेर यायला मला तीन पावलं टाकायची होती. तीन. ती मी टाकली नाहीत.

"हम उसका मामा हाय," बाबा म्हणाले.

त्या माणसाने कागद पुढे केला, इथे सही करा म्हणाला. बाबांनी पेन हातात घेतलं. मग परत दिलं. "लिखना नाय आता हमको," ते म्हणाले. त्याने शाईचं पॅड काढलं. गावाच्या प्रत्येक अर्जावर पहिली सही करणाऱ्या माझ्या बाबांनी अंगठा उठवला आणि नाव म्हणून माकुणसारच्या माझ्या मामाचं नाव सांगितलं. सही केली असती तर स्वतःचं नाव लिहावं लागलं असतं; दुसऱ्याच्या नावाची खोटी सही त्यांच्या हातून झाली नसती.

तो गेल्यावर ते मागच्या दारी गेले. अंगठा साबणाने घासत राहिले, मग वाळूने. शाई चार-पाच दिवस गेली नाही. मला भाकरी वाढताना तो निळा अंगठा ताटाच्या कडेवर दिसायचा. आम्ही दोघंही त्याच्याकडे पाहत नव्हतो.

मी नोकरीला लागले. बाबांनी बैठकांना जाणं सोडलं. बाटल्या आईने धुतल्या, त्यांत तेल आणि फिनेल भरलं. लोक बोलायचे, पोरगी कंपनीत लागली आणि हा गप्प झाला, विकला गेला. त्यांच्या तोंडावर बोलायचे. मला ठाऊक होतं ते का जात नाहीत. तिथे एखाद्या साहेबाने 'नंदिनी तुमची कोण?' असं विचारलं तर माझं खोटं उघडं पडेल, म्हणून. मी एकदाही म्हटलं नाही, जा बाबा. माझ्या टेबलावर रोज पाण्याच्या नमुन्यांच्या बाटल्या यायच्या, प्रत्येकीवर पट्टी, पट्टीवर तारीख. मी त्या तपासायचे आणि डबा खायला जायचे.

गेल्या वर्षी एका दुपारी लॅबमध्ये फोन आला. कुणीतरी दुकानदार होता, बोईसरचाच. "नंदिनी का? तुमचे मामा आमच्या दुकानात दोरा घ्यायला आले होते, चक्कर येऊन पडले. खिशातल्या चिठ्ठीवर तुमचा नंबर आहे."

माझा मामा कधी बोईसरला येत नाही. क्षणभर मी विचारणार होते, कोण मामा?

आमच्या लॅबच्या मुख्य मॅडमनी स्वतःच्या गाडीतून मला दवाखान्यात नेलं. बाबांना स्ट्रेचरवर ठेवलेलं होतं, छाती वरखाली होत होती. डोळे उघडे होते, त्यांनी मला ओळखलं. मग माझ्या शेजारी उभ्या असलेल्या मॅडमचा कंपनीचा कोट त्यांना दिसला, आणि त्यांनी मान वळवली. सिस्टरने फॉर्म भरता भरता विचारलं, "पेशंट तुमचे कोण?"

आता कसली भीती होती? नोकरी पक्की झाली होती. मॅडम भल्या होत्या. काहीही बिघडलं नसतं. हे सगळं मला त्या क्षणी कळत होतं — आणि तरी मी म्हटलं, "मामा."

त्यांनी ऐकलं. मी हातभर अंतरावर होते, ऐकलंच. आई येऊन पोहोचायच्या आत ते गेले. दवाखान्याच्या कागदावर माझी सही आहे. सहीपुढे 'भाची' असं मी माझ्या हाताने लिहिलं आहे.

दुकानदाराने ती चिठ्ठी नंतर मला आणून दिली. ती आता त्या कार्डाच्या मागे ठेवली आहे. घामाने, पाण्याने खराब होऊ नये म्हणून बाबांनी तिच्यावर चिकटपट्टी लावली होती, बाटल्यांना लावायचे तशीच. माझा नंबर आहे. त्याच्या वर लिहिलं आहे, 'नंदिनी, भाची'. एकही काना-मात्रा वाकडी नाही. लिहिता येत नाही असं सांगितलेल्या माझ्या बाबांचं ते अक्षर आहे.