मामाचा वीस फुटी हात

आधी माफी मागतो. आमच्या घरात पत्रापलीकडे कुणी काही लिहिलेलं नाही, आणि कॉलेजची पायरी चढणारा मीच पहिला. एखाद्या माणसाबद्दल लिहायचं धाडस मी करावं एवढी माझी तयारी नाही. रागाच्या भरात तर लिहूच नये, हेही कळतं. पण माझ्या मामाला जे बोललं गेलं ते मी गप्प बसून ऐकलं. त्याला दीड वर्ष झालं, तरी ते गप्प बसणं मला पचलेलं नाही. म्हणून सांगतो : माझ्या मामाचा उजवा हात वीस फूट लांब होता, आणि अख्ख्या खराडीत तसा हात दुसऱ्या कुणाला नव्हता.

मामा एका ठेकेदाराचा जेसीबी चालवायचा. सतरा वर्षं तेच मशीन. कोणता दांडा कधी ओढतोस, असं मी एकदा विचारलं, तर माझ्याकडे कीव आल्यासारखा बघत म्हणाला, ‘‘घास उचलताना तू कोपराला सांगतोस का, वाक म्हणून?’’ मशीनच्या बकेटला तो पंजा म्हणायचा आणि बकेटच्या दातांना नखं. जेवणाच्या सुट्टीत एखादा गवंडी बकेटवर टेकला की हा लांबून ओरडायचा, ‘‘ए, ऊठ! हात अवघडला माझा!’’ झिजलेले दात बदलायच्या दिवशी स्वतःच्या मुठी घट्ट आवळून, पाठ फिरवून उभा राहायचा. मामी म्हणायची, ‘‘लोकांच्या घरी नेलकटर असतो, आमच्याकडं गॅसकटर.’’ घरातही मशीन त्याच्या अंगावरून उतरायचं नाही. स्वयंपाकघरात नुसतं वळायचं असलं तरी आधी विचारणार, ‘‘मागं कोण हाय का?’’ आणि राखीपौर्णिमेला तर कहरच. माझ्या आईपुढे मनगट करायचं सोडून तो तिला मशीनपाशी न्यायचा. ‘‘उजव्या हाताला बांधत्यात ना ताई? मग बांध की.’’ आई दरवर्षी सुंभाला झेंडू ओवून हातभर राखी करायची आणि स्टुलावर चढून ती त्या लोखंडी मनगटाला बांधायची. मशीन धडधडत असायचं आणि मामाचे डोळे भरून आलेले असायचे.

हसायचं तर हसा, पण हा हात आंधळा नव्हता. केबिनमध्ये बसून, खड्ड्यात न बघता तो सांगायचा, ‘‘काळी संपली. मुरूम लागला. आता खडक हाय.’’ एकदा त्यानं मध्येच मशीन थांबवलं. म्हणाला, ‘‘खाली लाईन हाय. गार लागली.’’ सुपरवायझर हसत हसत खाली उतरला आणि त्यानं फावड्यानं माती सारली, तर चार बोटांवर पाण्याची लाईन.

आणि अशा माणसावर लाईन फोडल्याचा आळ आला. एका सोसायटीशेजारी चर खणताना पाण्याचा फवारा दुसऱ्या मजल्यापर्यंत उडाला. मी डबा घेऊन तिथेच आलो होतो. मामा निथळत खाली उतरला आणि एकच सांगत राहिला, ‘‘माझा हात लागला नाय. लागला असता तर मला कळलं असतं.’’ गॅलऱ्यांमधून मोबाईल बाहेर आले होते. नारायण पेठेतून तिथे राहायला गेलेले एक आजोबा चहाचा कप सांभाळत वरून म्हणाले, ‘‘अहो, आपला हात लागला नाही, मग पाणी काय आपल्या सत्काराला वर आलंय?’’ सगळी गॅलरी हसली. ठेकेदार आला, त्यानं किल्ली काढून घेतली आणि म्हणाला, ‘‘मशीनला नसा असतात होय रे?’’ तो व्हिडिओ एवढा फिरला की पुढे कुणीच मामाला मशीनवर बसवलं नाही. त्याचं नावच ‘नसवाला’ पडलं. आणि मी? मीही मनात म्हटलं होतं, मामा, लागला असेल रे हात.

मग मानसशास्त्राच्या तासाला सर शिकवू लागले की माणूस एखादं अवजार वापरत राहिला की मेंदू शरीराचा नकाशा नव्यानं काढतो; अवजाराचं टोक त्या नकाशात शिरतं; आंधळ्याला काठीच्या टोकाशी रस्ता लागतो, मुठीशी नाही. माझे कान तापले. आयुष्यात पहिल्यांदा वर्गात उभा राहिलो आणि अडखळत मामाची गोष्ट सांगितली. वर्ग खळखळून हसला. सर म्हणाले, ‘‘बसा. पुरावा आणि माया यांत फरक करायला शिका.’’ सर चूक नव्हते. पण जे पुस्तकात आल्यावर ज्ञान होतं, ते मामाच्या तोंडी आल्यावर विनोद का होतं, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

मामा आता हडपसरला एका गोदामाच्या गेटवर बसतो. सुरुवातीला खुर्चीतून न उठताच दूरच्या टेबलावरचं रजिस्टर घ्यायला हात लांबवायचा आणि हात मध्येच संपला की त्याच्याकडे नवलानं बघत राहायचा. गेल्या राखीपौर्णिमेला त्यानं आईपुढे डावा हात केला. ‘‘उजवा राहिला नाय आता,’’ एवढंच म्हणाला. यंदाही डावाच. आईनं राखीची गाठ मारली आणि तेवढ्यात माझा फोन वाजला. फावड्यानं माती सारणारा तोच सुपरवायझर होता. सोसायटीशेजारची ती लाईन तेव्हा वरूनच पट्टा आवळून बुजवली होती; ती त्याच जागी पुन्हा गळायला लागली, म्हणून या वेळी सगळा पाईप उघडा केला होता. पाईपच्या कुशीत गोल भोक होतं आणि त्यातून केबलची नळी आरपार गेलेली. कुणीतरी जमिनीखालून ड्रिल मारत केबल टाकली होती, मामाच्या कितीतरी आधी. भोवतीच्या घट्ट मातीनं पाणी अडवून धरलं होतं. मामानं फक्त ती माती काढली होती. मी विचारलं, ठेकेदार काय म्हणाले? ‘‘म्हणाले, बरं झालं कळलं.’’ बरं झालं! दीड वर्षानं एवढंच! त्या मशीनवर आता दुसरा ड्रायव्हर आहे.

मी मामाला सगळं सांगितलं. त्यानं हळूच विचारलं, ‘‘पंजाचा ओरखडा?’’

‘‘एकसुद्धा नाही, मामा.’’

त्यानं उजवा तळहात उलटा केला, सुलटा केला. ‘‘ताई,’’ तो म्हणाला, ‘‘ही सोड. ह्या हाताला बांध.’’

त्यानं उजवा हात पुढे केला, आणि आई सवयीनं स्टूल आणायला उठली.