टाकीवरून सोडलेली छत्री

बेलापुरात पाण्याच्या जळालेल्या मोटारींची तार नव्यानं भरून देणारा भीमराज वायफळ बोलणारा माणूस नव्हता. म्हणूनच शहाण्णवच्या पावसाळ्यात तो वाचनालयातून घरी आला आणि जेवता जेवता अंतराळाचं बोलायला लागला, तेव्हा त्याच्या बायकोला, भारतीला, हसूच फुटलं.

"अमेरिकेत बक्षीस लावलंय. सरकारानं न्हाई, खाजगी लोकांनी. आपल्या हिमतीवर यान बनवायचं, तीन मानसांचं. शंभर किलोमीटर वर न्यायचं आन् सुखरूप खाली आनायचं. दोन आठवड्यांत तेच यान परत उडवून दाखवायचं."

"मग तुमी कवा निघताय?"

"वर न्यायला लई लोक हायेत. मी खाली आनायचं बगतो."

भारती ब्लाउज शिवायची. जुन्या नायलॉनच्या साड्या उसवून तिनं यान अलगद खाली उतरवायची हवाई छत्री शिवायला घेतली, ती कुरकुरतच. पण लग्नाला नऊ वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, आणि इतक्या संध्याकाळी दोघं एका कामावर कधी वाकले नव्हते. तो दोऱ्यांची लांबी सांगायचा, ती दुहेरी शिवण घालायची. कुरकुर कधी थांबली, तिलाही कळलं नाही.

गावच्या पाण्याच्या टाकीवरून तो डालड्याचा डबा छत्रीला बांधून सोडायचा. डब्यात भुसा आणि तीन माणसं म्हणून तीन अंडी. पहिल्यांदा तिन्ही फुटली. दुसऱ्यांदा दोन. छत्री फार हेलकावते, म्हणून त्यानं तिच्या मधोमध भोक पाडायला लावलं.

तिसऱ्या सकाळी डबा अलगद उतरला. भारतीनं झाकण उघडलं, भुसा चाचपला.

"अवो, तिन्ही धड हायेत!"

"खरं?" वरून आवाज आला. तो घाईनं शिडी उतरू लागला. रात्रीच्या पावसानं लोखंड निसरडं झालं होतं.

श्रीरामपूरच्या दवाखान्यात न्यायच्या आतच तो गेला.

गाव म्हणालं, उडायला गेला होता. भारतीनं डबा अंड्यांसकट फडताळात ठेवला. वास सुटला, तेव्हा सासूनं, भामाबाईंनी, तो नदीकडे नेला.

भीमराजनं कागदावर काढलेलं छत्रीचं रेखाटन गावच्या शाळेतल्या राधाकृष्ण मास्तरांनी इंग्रजी पत्र जोडून अमेरिकेला धाडलं. उत्तर आलं नाही.

तीन वर्षांनी मास्तर बायकोचे ब्लाउज न्यायला आले, तेव्हा भारतीनं विचारलं, "मास्तर, त्ये बक्षीस कुनाला गावलं?"

"अजून कुणालाच नाही. करतायत लोक खटपट."

"त्यांच्या घरची मानसं असतील न्हाई संगं?"

तिनं ब्लाउज घडी घालून कागदात बांधले आणि म्हणाली, "काखेत जरा सैल ठेवलंय. बाईंना घालून बगा म्हनावं."