सोयाबीनचे दहा दाणे

कॉलेजला जाताना नांदेडच्या मोंढ्यात नव्या सोयाबीनचा वास आला आणि उमरीजवळच्या गावातलं आमचं अंगण आठवलं.

ऑक्टोबरात आमच्या ख्रिस्ती वस्तीत रोज संध्याकाळी एकेका घरी जपमाळेची प्रार्थना असते. त्या दिवशी आमची पाळी होती. मी तिसरीत होते आणि मरियामातेच्या दहा 'नमो मरिया' प्रार्थना पहिल्यांदाच मी सांगणार होते. नेमकी आमची माळ तुटलेली. मी मोजायला चुकू नये म्हणून आईनं अंगणातल्या चटईवर सोयाबीनचे दहा दाणे ठेवले. एक प्रार्थना झाली की एक दाणा बाजूला. मी डोळे मिटून, चाचपत म्हणत गेले. दाणे संपले तशी थांबले.

"आठच झाल्या की," आई म्हणाली.

डोळे उघडले, तर चटईवर आमची कोंबडी.

"राहिलेल्या दोन तिनं म्हणल्या असतील," शेजारच्या सुमनकाकू म्हणाल्या. सगळे हसले. मला रडू येत होतं.

"देवाच्या आईला आठावर भागवायचं व्हय? म्हण माय अजून दोन," आई म्हणाली, तीही हसतच.

तेव्हा मला नुसती लाज वाटली होती. आईला लिहिता-वाचता येत नाही, तरी माझ्यासोबत ती मनात मोजत होती, हे बहुतेक आता कळतंय. होस्टेलवर माझ्याकडे चांगली माळ आहे. पण आठव्या मण्यावर रोज हसू येतं, आणि उरलेल्या दोन मी जरा मोठ्यानं म्हणते.